आजोबांचं जहाज एचएमआयएस बंगाल, मॉडेल बनवायचंय, मदत हवी

दापोलीकर_डोंबिवली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे आजोबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर होते. आमच्या दापोली तालुक्यातून आणि एकूणच रत्नागिरी जिल्ह्यातून त्या काळी भरपूर पोरं नेव्हीत जायची, त्यातलेच एक. १९४२ ला सिडनीला नवीन जहाज तयार झालं, एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) बंगाल, त्याच्यावर ते पहिल्यापासून होते. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला हिंदी महासागरात बंगालची दोन जपानी जहाजांशी लढाई झाली, ती जहाजं बंगालपेक्षा कितीतरी मोठी, तेव्हाही आजोबा खाली बॉयलरवर ड्युटीला होते. हे आम्हाला त्यांच्या कागदावरून आणि आजीच्या बोलण्यातून कळलं, ते स्वतः फार बोलायचे नाहीत. आमच्या गावच्या घराला पडवीवर पत्रे होते, जुलैत पाऊस धो धो पत्र्यावर पडायला लागला की म्हणायचे "खाली असाच आवाज यायचा". आणि एकदा मी शाळेत असताना विचारलं की तुम्हाला जपानी जहाज दिसलं का, तर म्हणाले "आम्हाला काय दिसणार, वर काय चाललंय ते आम्हाला पायाला कळायचं". बस. एवढंच.

आजोबा १९९४ ला गेले. माझ्या बाबांना पुढच्या वर्षी ७५ पूर्ण होतील, तेव्हा बंगालचं मॉडेल करून त्यांच्या हातात द्यायचंय, काचेच्या पेटीत, खाली आजोबांच्या नावाची पट्टी. माझ्याकडे आजोबांची ट्रंक आहे, त्यात डिस्चार्जचा कागद, टोपीची काळी पट्टी आणि एक फोटो, चार जण डेकवर उभे आहेत, मागे फक्त रेलिंग आणि बोटीचा तुकडा दिसतो. टोपीच्या पट्टीवर नुसतं एचएमआयएस लिहिलंय, जहाजाचं नावच नाही, त्यामुळे ही बंगालवरचीच आहे का तेही विचारायचंय.

मॉडेल आधी कधी केलं नाही. गणपतीचं मखर मात्र दरवर्षी घरीच करतो, सनबोर्ड, प्लायवूड, कटर, फेव्हिकॉल याची हाताला सवय आहे. प्रश्न असे,
साइज किती ठेवू, आणि प्लॅन कुठून मिळेल?
रंग कोणता? मिळतात ते सगळे फोटो काळे-पांढरे.
मागे झेंडा कोणता लावू? माझ्या मनात तिरंगा आहे, मुलगा म्हणतो तेव्हा नव्हता.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजोबा ज्या जागी होते ती जागा बाहेरून दिसतच नाही. तोफ दिसेल, डोलकाठी दिसेल, पण ते तर खाली कोळसा टाकत होते. ते कसं दाखवू?

लाकूडकाम_पुणे

दापोलीकर, फार चांगलं काम हातात घेताय, आणि वर्षभर आहे म्हणजे होईल, घाबरू नका.

पहिली गोष्ट, "बंगाल" नावाने प्लॅन शोधत बसू नका, "बाथर्स्ट क्लास" शोधा. ऑस्ट्रेलियाने युद्धात या एकाच नमुन्याची ६० जहाजं बांधली, मूळ काम सुरुंग काढायचं पण ताफ्याला सोबत करायलाही वापरली, त्यातली ४ आपल्या नेव्हीसाठी होती, बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. ६० बांधली म्हणजे माहिती भरपूर आहे, तिकडच्या हौशी लोकांनी रिमोटवर चालणारी मॉडेलंसुद्धा केलीत. फोटोंसाठी लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमची आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलची वेबसाइट बघा, दोन्हीकडे त्या काळातले फोटो आहेत.

साइज. जहाज १८६ फूट लांब, ३१ फूट रुंद, म्हणजे साधारण ५७ मीटर बाय साडेनऊ. १:९६ ला, म्हणजे मूळ जहाजाच्या ९६ व्या भागाएवढं केलं तर ५९ सेंमी होतं, टीव्हीच्या युनिटवर आरामात बसतं. १:७२ ला केलं तर ७९ सेंमी लांब आणि १३ सेंमी रुंद. मी म्हणेन १:७२ च करा. एक तर पहिल्यांदाच करताय, छोट्या साइजला बारीक काम हाताबाहेर जातं, आणि दुसरं म्हणजे १:७२ ची माणसं बाजारात मिळतात, सैनिकांचे सेट येतात ते थोडे कापून-जोडून खलाशी करता येतात. माणूस ठेवलाच पाहिजे असं माझं मत आहे, माणसाशिवाय जहाज केवढं ते बघणाऱ्याला कळत नाही.

हल म्हणजे जहाजाचं अंग, ते आपल्या कोकणातल्या होडीसारखंच करायचं, तुमच्याकडे हर्णै बंदरात बोट बांधताना बघितली असेलच, आधी पठाण (तळाचा लांब कणा) टाकायचा, मग त्यावर वांक (फासळ्या) उभे करायचे, मग फळ्या. फक्त इथे वांक म्हणजे ४ मिमी प्लायवूडचे अख्खे आडवे छेद, पाच-पाच सेंमीवर एक, म्हणजे १५-१६ होतील. प्लॅनमधले छेद झेरॉक्सवाल्याकडून मापात मोठे करून घ्या आणि प्लायवर चिकटवून फ्रेट सॉने कापा, लेझर कटिंगवाला जवळ असेल तर त्याच्याकडून. वरून बाल्साच्या पट्ट्या. मूळ जहाज लोखंडाचं, त्यामुळे पट्ट्यांचे सांधे दिसता कामा नयेत, पेंटर लोक भिंतीला लावतात ती लांबी लावायची, सुकू द्यायची, पॉलिश पेपर मारायचा, परत लांबी, परत पेपर. आधी १५०, मग २२०, शेवटी ४०० पाण्याचा. याच कामात लोक कंटाळतात आणि इथेच मॉडेल बिघडतं. मी माझ्या पहिल्या मॉडेलला दोनच हात मारले होते, रंग लावल्यावर उन्हात धरलं की अजून प्रत्येक पट्टी मोजता येते. तुम्ही सहा हात मारा.

आणि एक, डेक सपाट करू नका. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, डेक वर चढत जातो आणि आडवाही मधे किंचित फुगीर असतो, पाणी वाहून जायला. सपाट डेकचं जहाज खेळण्यासारखं दिसतं, कारण कळत नाही पण डोळ्याला खटकतं.

बारीक सामान घरचंच चालतं. रेलिंगला मोटर वाइंडिंगची तांब्याची तार. डोलकाठीच्या दोऱ्यांना तंगूस वापरू नका, चकाकतो आणि काळा रंग धरत नाही, त्यापेक्षा शिवणकामाचा काळा दोरा मेणातून ओढून घ्या म्हणजे लव बसते. मागच्या बाजूला पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज असतात, पिंपासारखे, ते या साइजला ६ मिमी जाड आणि १ सेंमी लांब येतात, गोल काठीचे तुकडे पाडले की झाले.

रंगाचं, काळ्या-पांढऱ्या फोटोवरून शेड ठरवू नका, त्या काळच्या फिल्मवर निळा फिकट आणि लाल गडद यायचा, माणूस फसतो. फोटोवरून फक्त रंगाच्या पट्ट्यांचा आकार घ्या. आणि तारीख एकच धरा, ११ नोव्हेंबर १९४२. पुढे जहाजात बदल होत गेले, १९४५ च्या फोटोतली तोफ १९४२ च्या डेकवर बसवलीत तर आजोबांचं जहाज राहणार नाही.

तोफेवरून आठवलं, बंगालवर पुढे एकच मोठी तोफ होती, १२ पौंडी, म्हणजे ३ इंची. बाथर्स्ट जहाजांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ४ इंची दाखवतात. ती बसवू नका.

खालची जागा दाखवायचं म्हणाल तर हल फोडू नका असं मी म्हणेन. एवढं गुळगुळीत केलेलं अंग कापायचं म्हणजे... त्यापेक्षा शेजारी वेगळी छोटी पेटी करा, बॉयलर रूमची.

इंजिनरूम_रिटायर्ड

दापोलीकर, मी नेव्हीत १५ वर्षं इंजिन रूमला काढली, तुमची पोस्ट दोनदा वाचली. "पायाला कळायचं" हे अगदी खरं आहे हो. खाली असताना प्लेटमधून सगळं पायात येतं, स्पीड वाढला, वळलो, वर तोफ उडाली, सगळं.

पण एक दुरुस्ती, आणि ही मनाला लावून घेऊ नका. तुमचे आजोबा कोळसा टाकत नव्हते. बाथर्स्ट जहाजं तेलावर चालायची. स्टोकर हे नाव कोळशाच्या काळातलं, ते पुढेही तसंच राहिलं. म्हणून मॉडेलमध्ये फावडं दाखवू नका. त्यांचं काम सांगतो. बॉयलरच्या तोंडाला बर्नर असतात, त्यातून गरम केलेलं तेल फवारून आत जळतं. वरून जास्त स्पीड मागितला की जास्त बर्नर लावायचे, कमी केला की बंद करायचे, आणि ते पटापट, कारण वाफेचा दाब पडला तर जहाज पडलं. बर्नरची टोकं तेलाने चोंदतात, ती गरम गरम काढून साफ करून परत बसवायची. एक माणूस सतत पाण्याच्या काचेवर नजर ठेवून, उभी काचेची नळी असते, बॉयलरात पाणी किती आहे ते त्यात दिसतं, पाणी उतरलं आणि लक्ष नसलं तर खालचे सगळे गेले. आणि हवा-तेलाचं गणित चुकलं की काळा धूर निघतो, युद्धात काळा धूर म्हणजे शत्रूला मैलोन् मैल लांबून बोलावणं. म्हणजे जहाज लपणार का दिसणार तेही खालच्या माणसाच्या हातात.

त्या दिवसाचं बघा. बंगाल ६५० टनांची, आणि समोर होकोकू मारू आणि आयकोकू मारू, प्रत्येकी १० हजार टनांच्या वर, दोघींवर बंगालच्यापेक्षा मोठ्या तोफा. बंगाल एका डच टँकरला सोबत करत होती, ओंडिना, ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे. कॅप्टन विल्सनने ओंडिनाला निघून जायला सांगितलं आणि बंगाल सरळ शत्रूवर घातली, जवळ जायचं म्हणून, कारण ३ इंची तोफेचा लांबून उपयोग नव्हता. आता असं जवळ जायचं म्हणजे पूर्ण वाफ पाहिजे. जास्तीत जास्त १५ नॉट. ती वाफ कोणी दिली? तुमच्या आजोबांनी आणि त्यांच्याबरोबरच्यांनी. होकोकू मारूवर गोळे बसले, आग लागली, स्फोट होऊन ती बुडाली. बंगालला मार बसला पण माणूस एकही गेला नाही. ओंडिनाचा कॅप्टन मात्र गेला, तिला टॉर्पेडोही लागले, तरी खलाशांनी बोटींतून परत चढून आग विझवून जहाज फ्रीमँटलला परत नेलं. बंगालवाल्यांना वाटत होतं ती बुडालीच.

एक सांगून ठेवतो, होकोकू मारूला बुडवणारा गोळा बंगालचा का ओंडिनाच्या तोफेचा यावर आजही वाद आहे. पट्टीवर "जपानी जहाज बुडवलं" असं लिहू नका, "११ नोव्हेंबर १९४२ च्या लढाईत हजर" एवढं लिहा. एवढं पुरेसं मोठं आहे.

टोपीची पट्टी: युद्धकाळात जहाजाचं नाव टोपीवर ठेवत नसत, बंदरात उतरलेल्या खलाशाच्या टोपीवरून कुठलं जहाज आलंय ते कळू नये म्हणून. नुसतं एचएमआयएस आहे म्हणजे ती युद्धाच्या काळातली, जपून ठेवा, मॉडेलच्या पेटीत खाली अंथरा.

आणि पुणेकरांशी मी या एका बाबतीत सहमत नाही. हल कापा. वेगळी पेटी केली तर लोक जहाज बघतील आणि पेटी सोडून देतील. चिमणीच्या खाली, पाण्याच्या रेषेच्या आसपास, डाव्या अंगाला ५-६ सेंमीची खिडकी ठेवा, आणि उजवं अंग अख्खं ठेवा. बॉयलर करायला सोपा आहे. याला थ्री ड्रम म्हणतात, वर एक आडवा ड्रम, खाली दोन, इंग्रजी ए अक्षरासारखे, आणि वरच्यातून खालच्या दोन्हीकडे शेकडो नळ्या. १:७२ ला तीन रिफिलचे तुकडे आणि मधे वाइंडिंगची तार ओळीने लावली की झाला, अंगठ्याएवढा होईल. मधे खाली पिवळट-नारिंगी एलईडी. समोर एक माणूस, मान वर करून पाण्याच्या काचेकडे बघणारा.

(माझं ट्रेनिंग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर झालं. तुमचे आजोबा भरती झाले तेव्हा ते नव्हतं, १९४५ ला सुरू झालं. डिस्चार्जच्या कागदावर नंतरच्या काळात शिवाजीचं नाव दिसतं का बघा.)

मेल्बर्नकर_मी

आत्ता वाचलं. मंडळी, बंगालची बहीण माझ्या घरापासून अर्ध्या तासावर उभी आहे! मेल्बर्नला विल्यमस्टाउन म्हणून भाग आहे, तिथे जेम पिअरला एचएमएएस कॅसलमेन बांधून ठेवलंय, त्याच बाथर्स्ट वर्गातलं, म्युझियम म्हणून. दुसरं एक एचएमएएस व्हायला, ते साउथ ऑस्ट्रेलियात व्हायला गावात चक्क जमिनीवर ठेवलंय. पण कॅसलमेन पाण्यात आहे आणि आत खाली उतरता येतं. मी मुलांना घेऊन दोनदा गेलोय, तेव्हा माहीतही नव्हतं की आपली चार अशीच होती.

खाली जायची शिडी जवळजवळ उभी, मी सव्वापाच फुटाचा तरी डोकं आपटतं. इंजिन रूममध्ये दोन बाजूंना दोन वाफेची इंजिनं आणि मधे एक माणूस जेमतेम चालेल एवढी वाट. बंद आहे तरी तेलाचा वास येतो. तिथे उभं राहून वर बघितलं की आकाशाचा चौकोन दिसतो, तेवढाच. तिथे ऐन लढाईत उभं राहायचं, वरचं काही न दिसता... मी परत जाणार आहे या महिन्यात, सांगा कशाकशाचे फोटो हवेत.

पण लक्षात ठेवा, कॅसलमेनवरचं सगळं डोळे झाकून उचलू नका, पुणेकर म्हणाले तसं तोफ वगैरे वेगळं असणार. हलचा आकार, शिड्या, खिडक्या, रेलिंगची उंची यासाठी बिनधास्त वापरा.

रत्नागिरीची_लेक

सगळ्यांनी झेंड्याचा प्रश्न सोडून दिला म्हणून लिहितेय.

तुमच्या मुलाचं बरोबर आहे, १९४२ ला तिरंगा नव्हता जहाजावर. रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांवर मागे व्हाइट एन्साइन असायचा, पांढरा, लाल क्रॉस आणि कोपऱ्यात युनियन जॅक. बंदरात असताना पुढे नाळेवर निळा, त्यात भारताचा तारा (स्टार ऑफ इंडिया हे चिन्ह).

मला माहितेय हे लावताना हात थबकतो. आमच्याकडेही तेच होतं. माझे आजोबा नेव्हीत आणि त्यांचे सख्खे मोठे भाऊ त्याच १९४२ च्या ऑगस्टनंतर चले जावमध्ये येरवड्याला. एका आईची दोन मुलं. पणजीला दोघांचीही पत्रं यायची आणि दोन्ही पत्रांवर सेन्सॉरची काळी शाई, असं आजी सांगायची. आमच्या घरात किती वर्षं आजोबांचा नेव्हीतला फोटो आतल्या खोलीत आणि मोठ्या आजोबांचा बाहेरच्या ओटीवर. मी स्वतः तो बाहेर आणून लावला, शेजारी शेजारी.

आणि हेही बघा. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत एचएमआयएस तलवारवर खलाश्यांचा संप सुरू झाला, जेवण, वागणूक, सगळ्यावरून, आणि तो पुढे ७८ जहाजांवर आणि २० हजार खलाश्यांपर्यंत गेला. तेव्हा याच पोरांनी ब्रिटिशांचे झेंडे खाली उतरवले आणि काँग्रेसचे, लीगचे झेंडे वर चढवले. ज्यांनी तो झेंडा वाहिला त्यांनीच उतरवला. त्यामुळे मॉडेलवर तो असला तर काही बिघडत नाही, उलट त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजोबांनी जे डोक्यावर घेऊन काम केलं तेच दाखवा. तिरंगा द्यायचाच असेल तर पेटीत पट्टीशेजारी द्या, जहाजावर नको. बंगाल स्वातंत्र्यानंतरही आपल्या नेव्हीत होती, तेव्हा तो तिचाही आहेच.

झेंडा कागदाचा करू नका, कडक उभा राहतो. जुन्या सिल्कच्या साडीच्या अस्तराचा तुकडा घ्या, पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून सुकवा, रंगवा, मग परत किंचित ओला करून बोटाने घड्या पाडा, वाऱ्यावर आहे असा वाटतो. अडीच-तीन सेंमीचा पुरे. रंगवायला जमलं नाही तर मला सांगा, मी करून पोस्टाने पाठवते.

लाकूडकाम_पुणे

इंजिनरूम काका, पटलं. हल कापायची. पण दापोलीकर, कापायची म्हणजे शेवटी करवत मारायची नाही, त्या जागच्या दोन वांकांमधे पट्ट्या लावायच्याच नाहीत, सुरुवातीपासून चौकट सोडायची आणि आतून काळा रंग आधीच मारून घ्यायचा. एलईडीची वायर पठाणाच्या शेजारून मागे काढा, बॅटरी स्टँडच्या खाली. आणि नंतर बल्ब बदलता येईल अशी सोय ठेवा, दहा वर्षांनी अंधार नको.

दापोलीकर_डोंबिवली

मंडळी काय बोलू. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण प्रत्येक पोस्ट बायकोला आणि मुलाला वाचून दाखवत होतो.

कोळशाचं मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी मनात आजोबांना फावडं घेऊन बघत होतो, आणि आता पाण्याच्या काचेकडे मान वर करून बघताना दिसतात. एक गोष्ट लगेच आठवली. आमच्या गावच्या घरी पंपाच्या टाकीला पारदर्शक पाइप होता, पाणी किती आहे ते बघायला, आजोबा म्हातारपणी येता जाता त्याच्याकडे बघायचे. टाकी भरलेली असली तरी. आजी चिडायची की काय सारखं बघता. आम्हाला वाटायचं सवय.

काका, कागद काढून बघितला, शिवाजीचं नाव आहे, १९४५ चा शिक्का.

ठरलं असं, १:७२, उजवं अंग अख्खं, डावीकडे खिडकी, आत एक माणूस. मागे व्हाइट एन्साइन, आणि ताई, झेंडा तुम्हीच करा, माझ्या आजीच्या लुगड्याचा तुकडा पाठवतो, तो सिल्कचा नाही पण पातळ झालाय इतका की चालेल असं वाटतं, नाही चालला तर सांगा. पट्टीवर फक्त नाव, स्टोकर, एचएमआयएस बंगाल आणि ११ नोव्हेंबर १९४२.

काल रात्री प्लायवर पठाण आखला. ७९ सेंमी जमिनीवर आखल्यावर मुलगा शेजारी आडवा झाला आणि म्हणाला एवढंच?

मेल्बर्नकर, फोटोंची यादी उद्या टाकतो, पण आत खालपर्यंत जाता आलं तर पहिला फोटो पाण्याच्या काचेचा काढा, आणि शेजारी मोजपट्टी किंवा निदान तुमचा हात धरा म्हणजे ती किती उंचावर आहे ते कळेल. त्या माणसाची मान किती वर करायची ते त्याच्यावरून ठरवतो.